ऑफिसातल्या कॉम्प्युटरची रोजची चाल ओळखा, घुसखोर पकडा: नव्या पोरांसाठी पायरी-पायरीनं

हे लिहायलोय ते लातूर, बीड, परभणी, जालन्याकडच्या अशा पोरापोरींसाठी ज्यांना आडत दुकान, पतसंस्था, दालमिल नाहीतर कॉलेजच्या ऑफिसात "कॉम्प्युटरचं तूच बघ" म्हणून नेमलंय. प्रिंटर तुमच्या गळ्यात, टॅली तुमच्या गळ्यात, नेट गेलं की फोन तुम्हालाच, आणि आता मालकाला कुणीतरी सांगितलंय की सिक्युरिटी बी पाहिजे. मालक म्हणतो अँटिव्हायरस तर घेतलाय की, अजून काय पाहिजे?

अजून हे पाहिजे: समजा तुमच्या अकाउंटंटचा पासवर्ड कुणीतरी चोरला आणि सरळ लॉगिन केलं. आता यात व्हायरस कुठं आलाय? नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, वापरलेले प्रोग्राम बी विंडोजचेच, अँटिव्हायरसला ओरडायला कारणच सापडत नाही. चुकीची असते ती वागणूक. रोज सकाळी दहाला काउंटरच्या मशीनवर बसणारा माणूस रात्री दोनला रिमोटनं येऊन सगळ्या खातेदारांची यादी उघडायलाय, हे कुठंतरी खटकायला पाहिजे. रोजची चाल मोजून ठेवायची आणि ती मोडली की बघायचं, एवढाच हा खेळ. मोठ्या कंपन्या याला यूईबीए (युजर आणि मशीनच्या वागणुकीचं विश्लेषण) म्हणतात आणि त्याचे लाखो रुपये घेतात, पण कल्पना जुनी आहे. डोरोथी डेनिंग यांनी १९८७ साली घुसखोरी ओळखायचं मॉडेल मांडलं त्यात बी हेच होतं, प्रत्येक युजरचं प्रोफाइल बनवा आणि त्याच्याबाहेरचं वागणं शोधा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, टूल कोणतं बी घ्या, तुम्हाला तुमच्या ऑफिसचा साधा दिवस माहीत नसेल तर काही उपयोग नाही. म्हणून पहिली पायरी कॉम्प्युटरवर नाहीच.

१. वही घ्या आणि माणसांजवळ बसा

मुनीमजींजवळ, कॅशियर मॅडमजवळ, बिलिंगच्या पोराजवळ बसायचं, चहा प्यायचा आणि विचारायचं. कोण कोणत्या मशीनवर बसतं, किती वाजता चालू करतं, दिवसभरात काय काय उघडतं, घरून कोण काम करतं, टॅलीवाला किंवा सॉफ्टवेअरवाला रिमोटनं कधी घुसतो, रात्री बॅकअप किती वाजता लागतो.

आडतीवर गेलात तर कळेल की सौदा निघाला की माप होतं, मग शेतकऱ्यांच्या पट्ट्या बनायला लागतात, हमाली-तोलाई कापून. एरवी सात वाजता शटर खाली येतं, पण सोयाबीनची आवक वाढली की तेच पोरगं रात्री अकरापर्यंत पट्ट्या मारत बसतं. हे तुम्हाला कोणतंच सॉफ्टवेअर सांगणार नाही आणि हे माहीत नसलं की पहिल्याच हंगामात तुमची सिस्टीम त्या बिचाऱ्याला चोर ठरवणार.

इथंच पहिला सापळा बी दिसेल: तिघंजण एकाच 'अ‍ॅडमिन' नावानं बसतात आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो. असं असेल तर पुढं वाचूच नका, आधी प्रत्येकाला वेगळा युजर काढून द्या, साधा युजर, अ‍ॅडमिनचे हक्क न देता. लोक कुरकुर करतील. करू द्या. तिघांची चाल एकात मिसळली की मोजायचं कुणाचं?

२. लागणारं सामान

- एक बऱ्यापैकी मशीन, ज्यावर लिनक्स टाकता येईल. वाझू नावाचं सगळ्या मशीनच्या नोंदी एकत्र जमवून अलर्ट देणारं फुकट ओपन सोर्स टूल आहे, त्याचा सर्व्हर एकाच मशीनवर बसतो. २५ कॉम्प्युटरपर्यंत ४ कोर, ८ जीबी रॅम आणि ५० जीबी डिस्क पुरते, त्यात साधारण ९० दिवसांच्या नोंदी राहतात.
- प्रत्येक विंडोज मशीनवर त्याचा एजंट (नोंदी सर्व्हरला पाठवणारा छोटा प्रोग्राम) आणि जमलं तर मायक्रोसॉफ्टचं सिसमॉन, ते जास्त बारकाईनं नोंदी ठेवतं आणि ते बी फुकट आहे.
- सर्व्हरला आणि स्विचला यूपीएस. आपल्याकडं हे लिहावंच लागतं.
- एक्सेल किंवा लिब्रेऑफिस.
- यूजरची यादी, मशीनची यादी, रिमोट घेणाऱ्या व्हेंडरची यादी.
- मालकाच्या सहीचं एक पत्र की ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या हालचालींची नोंद ठेवली जाईल, आणि ते वाचून सगळ्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या सह्या.

शेवटचं पत्र लोक सोडून देतात. सोडू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ ला आलाय, आणि कायद्याचं जाऊ द्या, चोरून पाळत ठेवायलाय असं ऑफिसात पसरलं की कुणी तुम्हाला खरं सांगणार नाही. कोण काय टाइप करतंय, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाशी बोलतंय हे आपल्याला बघायचंच नाही, आपल्याला लॉगिन, प्रोग्राम आणि फाइलींचा आकडा एवढंच बघायचंय.

३. घड्याळं जुळवा

छोटी पायरी, पण हिच्याविना सगळं वाया. जुन्या मशीनचा मदरबोर्डवरचा सेल उतरलेला असतो, लाईट जाऊन आली की तारीख कुठल्या कुठं जाते, आणि मग लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरनं ठेवलेल्या नोंदींत, अकाउंटंट पहाटे साडेतीनला बसलेला दिसतो. सेल बदला, सगळ्या मशीनला एकाच टाइम सर्व्हरची वेळ घ्यायला लावा. सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था, तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत बी एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी घड्याळं जुळवायला सांगितलंय.

४. लॉग चालू करा

विंडोज बरंच काही लिहून ठेवतं, पण सगळं नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिक्युरिटीचा लॉग बघा, त्याची साइज बहुतेक २० एमबीच असेल, ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या नोंदी चढतात. आधी ती वाढवा. मग हे नंबर पाठच करून टाका:

- ४६२४: लॉगिन झालं. त्यात लॉगऑन टाइप असतो, २ म्हणजे समोर बसून, ३ म्हणजे नेटवर्कवरून, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपनं.
- ४६२५: लॉगिन फसलं.
- ४६८८: नवा प्रोग्राम सुरू झाला. हा आपोआप चालू नसतो, ऑडिट पॉलिसीत जाऊन चालू करावा लागतो आणि कमांड लाइन नोंदवायचा पर्याय वेगळा.
- ४७२०: नवा युजर काढला. ४७३२: कुणालातरी लोकल ग्रुपमध्ये घातलं, आपल्याला त्यातला अ‍ॅडमिनचा ग्रुप बघायचा.
- ७०४५: नवी सर्व्हिस बसली, हा सिस्टीमच्या लॉगमध्ये येतो.
- ११०२: सिक्युरिटीचा लॉग पुसला. हा दिसला की हातातला चहा खाली ठेवा.

विंडोज होम असेल तर ग्रुप पॉलिसीची खिडकी सापडणार नाही, शोधत बसू नका, ऑडिटपोल (auditpol) कमांडनं ऑडिट चालू होतं.

वाझूचा एक सापळा सांगून ठेवतो. तो आपसूक फक्त त्याच्या नियमाला लागलेल्या नोंदी ठेवतो, सगळा कच्चा माल ठेवायचा तर आर्काइव्ह चालू करावं लागतं आणि मग डिस्क भराभर भरते. आणि सर्ट-इन लॉग १८० दिवस ठेवायला सांगतं, ९० नाही, त्यामुळं जुन्या नोंदी दुसऱ्या डिस्कवर काढायची सोय पहिल्या दिवसापासून करा. नाहीतर बैल गेला अन् झोपा केला अशी गत होते.

५. नॉर्मल म्हणजे किती, ते मोजा

आता खरं काम. तीन-चार आठवडे नुसत्या नोंदी जमू द्या, एक बी अलर्ट लावू नका. मग प्रत्येक युजरसाठी एवढंच काढा: दिवसातलं पहिलं आणि शेवटचं लॉगिन, किती मशीनवर बसला, फसलेली लॉगिन किती, शेअर्ड फोल्डरमधल्या किती फाइली उघडल्या (यासाठी फाइल ऑडिट वेगळं चालू करावं लागतं, फक्त महत्त्वाच्या फोल्डरवर करा), कोणते प्रोग्राम वापरले. मशीन लर्निंग वगैरे नंतर बघू.

इथं बहुतेकजण सरासरी काढतात आणि फसतात. हे बघा, एका क्लार्कनं सात दिवसांत रोज उघडलेल्या फाइली समजा अशा: ४०, ४२, ३८, ४५, ४१, ३९ आणि एका दिवशी ३००. साध्या माणसाला बी दिसतंय की ३०० मध्ये काहीतरी आहे. पण सरासरी काढा, ती येते ७८ च्या आसपास, कारण त्या ३०० नंच तिला वर ओढलंय. स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, येतं ९८ च्या जवळ. आणि "सरासरी अधिक तीन स्टँडर्ड डेव्हिएशन" हा पुस्तकी नियम लावला तर मर्यादा जाते ३७० च्या पुढं. म्हणजे ३०० फाइली उचलून नेल्या तरी तुमची सिस्टीम म्हणणार सगळं ठीक. चोरानंच फूटपट्टी लांब करून ठेवली.

म्हणून मधली किंमत घ्या, मीडियन. आकडे चढत्या क्रमानं लावा, मधला येतो ४१. मग प्रत्येक आकडा ४१ पासून किती लांब आहे ते लिहा: ३, २, १, ०, १, ४, २५९. याचा पुन्हा मीडियन काढा, तो येतो २. त्याला १.४८२६ नं गुणलं (स्टँडर्ड डेव्हिएशनच्या मापात आणायचा हा ठरलेला आकडा) की साधारण ३. आता कोणता बी दिवस ४१ पासून या ३ च्या साडेतीन पटीपेक्षा जास्त लांब गेला, म्हणजे ५१-५२ च्या वर, की बघायचं. ३०० तर ८६ पट लांब आहे. एक्सेलमध्ये मीडियनचा फॉर्म्युला आयता आहे, दहा मिनिटांचं काम.

फक्त एक जोड द्या. फार शिस्तीत काम करणाऱ्याची ही मर्यादा इतकी अरुंद निघते की ५३ फाइलींना बी घंटा वाजते. म्हणून सोबत एक ठोक अट ठेवा, नेहमीच्या दुप्पट तरी पाहिजे किंवा किमान शंभर फाइली तरी, तुमच्या ऑफिसला झेपेल ती.

आणि युजरची तुलना नुसती त्याच्या स्वतःशी करू नका, त्याच्या जोडीदारांशी बी करा. चार कॅशियर असतील आणि चौघांचाही आकडा एका दिवशी वाढला तर ती गर्दी आहे. एकाचाच वाढला तर प्रश्न आहे.

६. आपलं कॅलेंडर मॉडेलमध्ये घाला

कोणत्या बी परदेशी टूलला येळवस (वेळ अमावास्या) माहीत नाही. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी आख्खं गाव शेतात, रस्ते मोकळे, दुकानं बंद. त्या दुपारी तुमच्या आडतीच्या मशीनवर लॉगिन दिसलं तर ते रात्रीच्या लॉगिनइतकंच विचित्र आहे, पण घड्याळाच्या हिशोबानं दुपारचे एक म्हणजे ऑफिसची वेळ, मॉडेल, म्हणजे आपण काढलेल्या मर्यादा, गप्प. आणि अमावास्या दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, त्यामुळं मागच्या वर्षीच्या तारखेवरून ते शिकणार बी नाही. महालक्ष्म्यांचे तीन दिवस, पोळा, तेच. पंचांग बघून तारखा हातानं भरा.

उलटी बाजू बी आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी पतसंस्थेच्या काउंटरवर एरवीपेक्षा कितीतरी जास्त व्यवहार होतात, म्हणून सोमवारची तुलना सोमवारशीच करा, सगळ्या वारांची खिचडी करू नका. मार्च एंडला अकाउंटंट रात्री बाराला बसलेला असतोच. कारखान्यावर गळीत हंगाम सुरू झाला की वजनकाट्याचं मशीन चोवीस तास चालतं आणि हंगाम संपला की महिनोन् महिने थंड, तिथं दोन वेगळी मॉडेलं ठेवा, हंगामातलं आणि हंगामाबाहेरचं.

आणि लाईट. दुपारी तीन तास गेली, सहाला आली, सगळ्यांनी एकदम मशीन चालू केल्या, एकाच मिनिटात सगळ्यांचं लॉगिन. कागदावर हे हल्ल्यासारखं दिसतं. सगळी मशीनं एकत्र रीस्टार्ट झालेली असतील तर त्या पंधरा मिनिटांच्या लॉगिनचे अलर्ट दाबून ठेवा, फक्त लॉगिनचे, बाकीचे चालूच राहू द्या.

७. एका गोष्टीवर बोंब मारू नका, गुण द्या

साधा हिशोब करा. समजा दिवसाला २०,००० नोंदी येतात आणि तुमचं मॉडेल शंभरात फक्त एकदा चुकतं. ऐकायला लई भारी वाटतं, पण म्हणजे रोज २०० खोटे अलर्ट. चौथ्या दिवशी तुम्हीच ते म्यूट करणार.

म्हणून प्रत्येक खटकणाऱ्या गोष्टीला गुण द्या आणि एकाच युजरचे दिवसभराचे गुण जोडा. उदाहरणार्थ वेळ सोडून लॉगिन १०, कधी न वापरलेलं मशीन १५, पाच वेळा फसून सहाव्यांदा लॉगिन झालं २०, फाइलींचा आकडा मर्यादेबाहेर ३०, वर्डमधून पॉवरशेल (विंडोजचं कमांड चालवायचं टूल) सुरू झालं ४०, नवा अ‍ॅडमिन ५०. ५० झाले की फोनवर मेसेज, ३० झाले की सकाळच्या यादीत. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या ऑफिसात दोन आठवडे चालवून कमी-जास्त करा. रोज पाच-सातपेक्षा जास्त नावं यादीत यायलेत तर मर्यादा वर न्या.

दोन-तीन गोष्टींना मात्र गुण-बिण नाही, सरळ घंटा: लॉग पुसला, बॅकअपच्या शॅडो कॉपी (विंडोजनं ठेवलेल्या जुन्या प्रती) डिलीट करायची कमांड चालली, किंवा मिनिटभरात शेकडो फाइलींची नावं बदलली. शेवटच्या दोन म्हणजे रॅन्समवेअरची (फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची) ठरलेली चाल. शेअर्ड फोल्डरात कुणालाच लागत नाही अशी एक फाइल ठेवा आणि तिला हात लागला की अलर्ट लावा, स्वस्तात मस्त उपाय आहे.

'अशक्य प्रवास' नावाचा एक नियम बऱ्याच टूलमध्ये असतो, म्हणजे आत्ता लातूर आणि वीस मिनिटांत दिल्ली असं लॉगिन. आपल्याकडं तो सांभाळून वापरा. मोबाइल नेटचा आयपी (नेटवरचा पत्ता) बऱ्याचदा मुंबई-पुण्याचा दाखवतो, माणूस बसलेला असतो अहमदपुरात. ब्रॉडबँड बंद पडून हॉटस्पॉट लावला की साहेब लगेच मुंबईला पोचले. देश बदलला तरच गुण द्या.

आणि पैशाच्या व्यवहारांना बी हेच लागू आहे हे पतसंस्थावाल्यांनी ध्यानात घ्यावं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला हल्ला झाला, सुमारे ९४ कोटी गेले, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. ११ तारीख शनिवारची. चोरांना सुट्टी आवडते, तेव्हा सुट्टीच्या दिवशी मर्यादा कडक ठेवा, सैल नाही.

८. अलर्ट आला, आता काय

आधी फोन करा, ईमेल नको, कारण त्याचा ईमेलच चोराच्या हातात गेलेला असू शकतो. "दादा, तुम्ही आत्ता ऑफिसच्या मशीनवर आहात का?" एवढंच विचारायचं, आरोप करायचा नाही. बहुतेक वेळा उत्तर "हो, जीएसटी भरायलोय" असंच येतं, मग ते वहीत लिहा आणि पुढं चला.

"नाही" आलं तर नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, पण मशीन बंद करू नका, मेमरीत जे पुरावे असतात ते बंद केल्यावर जातात. डोळ्यांसमोर फाइली लॉक व्हायलेत आणि वायर काढून बी थांबेना, तर मात्र सरळ बंद करा. त्या युजरचा पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, त्याचे चालू सेशन तोडा. लॉगची कॉपी काढा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. सर्ट-इनला घटना कळल्यापासून ६ तासांच्या आत कळवायचं असतं, त्यामुळं त्यांचा फॉर्म आधीच भरून ठेवता येईल तेवढा भरून ठेवा, पत्ता, संपर्क, मशीनची यादी. ऐनवेळी हात थरथरतात.

९. अजून काही सापळे

चोर आधीच आत असेल तर तुमचं मॉडेल त्यालाच नॉर्मल समजतं. म्हणून मोजणी सुरू करायच्या आधी सगळ्या मशीनचे युजर, शेड्यूल केलेली कामं आणि रिमोटचे प्रोग्राम तपासा. एनीडेस्कसारखं काहीतरी कुणीतरी कधीतरी टाकलेलं आणि पासवर्ड लावून कायम उघडं ठेवलेलं हमखास सापडतं.

दुसरं, हुशार माणूस हळूहळू चाल बदलतो. आज ४५ फाइली, पुढच्या आठवड्यात ५५, मग ७०, आणि रोज नव्यानं शिकणारं मॉडेल त्याच्यामागं सरकत जातं. यासाठी जुना बेसलाइन (आधी मोजलेली नॉर्मल चाल) पुसू नका, सहा महिन्यांपूर्वीच्या आकड्यांशी बी महिन्यातून एकदा ताडून बघा.

तिसरं, बॅकअपच्या किंवा सॉफ्टवेअरच्या सर्व्हिस अकाउंटला माणसांच्या यादीत ठेवू नका. ते रोज ठरल्या वेळी ठरलेलंच काम करतात, त्यामुळं त्यांची मर्यादा एकदम कडक ठेवता येते, आणि अशा अकाउंटनं टाइप २ किंवा १० नं लॉगिन केलं की समजा दुसरंच कुणीतरी ते वापरायलंय.

चौथं, काम सोडून गेलेली माणसं. पगार बंद झाला त्याच दिवशी युजर बंद झाला पाहिजे, हे हिशोबनिसाला सांगून ठेवा, कारण कोण गेलं हे तुमच्या आधी त्याला कळतं. आणि जायची नोटीस दिलेल्या माणसाच्या फाइलींचा आकडा शेवटच्या महिन्यात जरा जवळून बघा, गिऱ्हाइकांच्या याद्या पेनड्राइव्हवर निघतात त्या याच दिवसांत.

हे सगळं दोन-तीन महिने सुरळीत चाललं, वहीतली कारणं लिहून लिहून अलर्ट कमी झाले, की मग आयसोलेशन फॉरेस्टसारख्या, वेगळे पडणारे आकडे आपसूक शोधणाऱ्या मशीन लर्निंगच्या पद्धतीकडं वळा, पायथनमध्ये ती आयती मिळते. तिला द्यायला तोवर तुमच्याकडं स्वच्छ आकडे आणि कोणता अलर्ट खरा, कोणता खोटा याची यादी तयार झालेली असेल.